सहाही आकडे बरोबर

सोल, ८ मार्च १९७७

ती. अप्पांना,

मी सुखरूप पोचले. गाडीत दिवसभर उभी होते, पाय सुजले, पण आईने दिलेली उकडलेली अंडी शेवटपर्यंत पुरली. आपल्या गावच्या ओक-बुनताईकडेच राहते. तिच्या घरमालकिणीच्या ओळखीने काम लागलं आहे, आणि कुठे लागलं ते वाचून तुम्ही हसाल. दर रविवारी सरकारी घरबांधणी लॉटरीची सोडत जिथे होते ना, त्याच हॉलमध्ये! मी फरशी पुसते, खुर्च्या लावते आणि साहेब लोकांना बार्लीचा चहा देते.

परवा पहिल्यांदा सोडत पाहिली. मंचावर सात चक्रं. पहिलं गटाचं, मग सहा आकड्यांची सहा. चक्र गरगर फिरवतात, निवेदक ओरडतो, "तयार? सोडा!" आणि रेशमी हानबोक घातलेली एक मुलगी कळ दाबते. बाण सुटतो, खट्‌कन रुततो. चक्र थांबेपर्यंत सगळा हॉल श्वास धरून बसतो. मी दाराशी फडकं घेऊन उभी होते, मीही धरला. माझ्याकडे तिकीट नव्हतं तरी!

तुमचा खोकला कसा आहे? आईला सांगा, इथे पाणी नळाला येतं, डोंगर उतरावा लागत नाही.

तुमची,
माल-सुक

—

चॉलाम, १६ मार्च

चि. माल-सुकला,

तुझं पत्र मी एकट्याने वाचलं असं समजू नकोस. आमच्या ओळीतल्या अठरा खोल्यांनी वाचलं. रविवारी सगळे फोरमन बांगच्या घरी टीव्हीसमोर जाऊन बसलो. चक्र कुणी बघत नव्हतं, तुला शोधत होते. पडद्याच्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसलं. मा सू-बोंग ओरडला, "हे माल-सुकचंच! लहानपणी शेगडीवर भाजलं होतं!" मी म्हटलं, अरे, टीव्हीत डाग दिसतो होय? तर म्हणतो, "श्रद्धा पाहिजे, दिसतो."

आमच्या पाळीचे आम्ही पाच जण आता दर आठवड्याला एक तिकीट मिळून घेतो. सू-बोंगकडे ठेवायला देतो, त्याच्या बायकोच्या लोणच्याच्या खोलीत उंदीरसुद्धा फिरकत नाही. मी माझं वेगळंही एक घेतो. आईला सांगू नकोस.

आता कामाचं विचारतो. तू तर चक्रांच्या इतकी जवळ असतेस. कुठला आकडा जरा जड आहे? लाकूड कुठे फुगलंय? बाण सोडणाऱ्या पोरींत कुणाचा हात कसा आहे? मी तीस वर्षं लाकडी टेकू ठोकतोय, मला ठाऊक आहे, कुठलंच लाकूड सगळीकडून सारखं नसतं.

तू म्हणशील अप्पाला हाव सुटली. तसं नाही, पोरी. माझं अंग खाणीत चालतंय तोवर ही कंपनीची खोली आपली. ज्या दिवशी नाव कटेल, त्याच्या महिनाभरात खोली रिकामी. मग तुझी आई आणि दोघी धाकट्या कुठे जातील? पहिलं बक्षीस लागलं तर सोलमध्ये छोटं घर येतं म्हणतात. पाच जणांत वाटून निदान चॉलामच्या वेशीवर तरी येईल.

खोकला थंडीचा आहे. डुकराची चरबी खातोय, कोळसा धुऊन निघेल.

अप्पा

—

सोल, २५ मार्च

ती. अप्पांना,

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

कुठलाच आकडा जड नाही, अप्पा. सोडतीआधी पोलीस आणि बँकेचे साहेब एकेक चक्र तपासतात. मला त्यांना हात लावायचीसुद्धा परवानगी नाही. बाणाची मुलगी नेम धरत नाही, धरूच शकत नाही. चक्र फिरायला लागलं की आकडे दिसत नाहीत, नुसती पांढरी थाळी दिसते.

इथे बँकेचे यू साहेब म्हणून वयस्कर गृहस्थ येतात, चहा घेताना बोलतात. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पोरी, तिकिटांच्या विक्रीतले साधारण निम्मे पैसे बक्षिसात जातात. बाकीच्यातून गरिबांची घरं, छपाई, विकणाऱ्याचं कमिशन. म्हणजे उद्या सगळ्या देशाने सगळी तिकिटं घेतली, तरी देशाच्या हातात निम्मेच परत येतील." मी म्हटलं, पण सारखे आकडे पाहिले तर अंदाज येत असेल? ते म्हणाले, "चक्राला आठवण नसते." समजा सात आला, तर पुढच्या रविवारी सात यायला तेवढीच जागा आहे जेवढी आधी होती. सात रुसत नाही आणि सात मेहेरबानही होत नाही.

शेवटचा आकडा जुळला की तिकिटाचे शंभर वॉन परत मिळतात ना, तेही विचारलं. दर दहा जणांत एकाला मिळतात. "ते बक्षीस नव्हे, गळाला लावलेला गांडूळ आहे," म्हणाले.

आणखी एक, अप्पा. हे नीट ऐका. तिकिटावर कुणाचं नाव नसतं. ज्याच्या हातात तिकीट, त्याचं बक्षीस. हरवलं, भिजलं, चोरीला गेलं, तर सरकार विचारत नाही. तुम्ही पाच जण मिळून घेत असाल तर आकडा आणि पाचही नावं एका कागदावर लिहून अंगठे करा. सू-बोंगकाका चांगले आहेत, पण कागद असू द्या. आणि बक्षीस तीन महिन्यांत मागितलं नाही तर ते बुडतं.

हे सगळं घरातच ठेवा. आणि खोकल्यासाठी डॉक्टरकडे जा. चरबीने फुप्फुस धुतलं जात नाही.

माल-सुक

—

चॉलाम, १९ एप्रिल

चि. माल-सुकला,

शाबास माझी लेक! कळलं आम्हाला.

तुझं पत्र आधी मला कोरडंच वाटलं होतं. पण सू-बोंगने तीनदा वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "गी-दोक, तू गाढव आहेस. पोरगी पोलिसांच्या नाकाखाली बसून लिहितेय, उघड कशी लिहील? बघ, किती वेळा सात म्हणालीय! समजा सात, सात रुसत नाही, सात मेहेरबान. आणि खाली काय? घरातच ठेवा!"

आम्ही सातवर संपणारी तिकिटं घेतली. आणि परवाच्या रविवारी शेवटच्या चक्रावर बाण कुठे बसला ते तुला सांगायला नकोच. सात! फोरमन बांगच्या घरात एवढा आरडाओरडा झाला की त्याच्या बायकोचं सोया सॉसचं मडकं फुटलं. त्याने दुसऱ्या दिवसापासून टीव्हीची खोली बंद केली. करू दे. सू-बोंगकडे ट्रान्झिस्टर आहे.

आता ओळीतली प्रत्येक बाई तुझ्या आईला मानाने बोलावते. पार्क आजीने तर तुझ्यासाठी तांदळाची वडी बाजूला ठेवलीय. आधी पाच जण घेत होतो, आता एकेक जण पाच-पाच घेतो.

कागदाचं म्हणालीस. मी विषय काढला तर सू-बोंग माझ्याकडे बघतच राहिला. "अठरा वर्षं तुझ्या डोक्यावरचा टेकू मी धरलाय, आणि आता अंगठा मागतोस?" मला लाज वाटली. सोडून दिलं.

डॉक्टरचं म्हणालीस. कंपनीचा डॉक्टर छातीचा फोटो काढतो आणि एक ओळ लिहितो. त्या ओळीने खोली जाते. आधी घर, मग डॉक्टर.

पुढचा आकडा कळव. घाई नाही.

अप्पा

—

सोल, २ मे

ती. अप्पांना,

मी काहीही सुचवलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. सात मी उदाहरण म्हणून लिहिला होता. तिथे तीन लिहिला असता तर तुम्ही तीन घेतला असता आणि तीन आला नसता, तर काय, मी चोर ठरले असते?

अप्पा, मी चहा देते. माझ्या हातात फडकं असतं. त्या मंचावर काय होणार ते यू साहेबांनाही ठाऊक नसतं आणि मलाही नसतं. हे ओळीतल्या सगळ्यांना सांगा. पार्क आजीला सांगा. मला त्यांची वडी नको.

आणि तिकिटं थांबवा. दर रविवारी हॉलमध्ये लोक येतात, त्यांचे चेहरे मी पाहते. सोडत संपली की खुर्च्यांखाली फाटकी तिकिटं पडतात, ती मी झाडते. पोतं भरतं. एखादा माणूस तरी हसत बाहेर गेला असेल म्हणून मी बघत असते. अजून एकही पाहिला नाही.

माल-सुक

—

चॉलाम, १० मे

चि. माल-सुकला,

रागावू नकोस. मी सगळ्यांना सांगितलं. ते म्हणाले, असंच बोलायला हवं तिने, हुशार आहे.

एक गोष्ट मला उशिरा कळली. सू-बोंगच्या बायकोने ओळीतल्या सगळ्यांची तिकिटं गोळा करून वड्यांच्या फडक्यात शिवून तुझ्या हॉलच्या पत्त्यावर पाठवलीत. चक्राला नुसती टेकवून परत पाठव, एवढंच तिचं म्हणणं आहे. माझ्या हातात असतं तर पाठवू दिलं नसतं. तू टेकवू नकोस. टेकवली म्हणून परत पाठव म्हणजे झालं. बायका शांत होतील.

अप्पा

—

सोल, २४ मे

ती. अप्पांना,

पुडकं मिळालं. तिकिटं सोबत परत पाठवते. हॉलच्या पत्त्यावर यापुढे काहीही पाठवू नका, पत्रंसुद्धा ओक-बुनताईच्या पत्त्यावर घाला.

माझं काम ठीक आहे. सोडत नेहमीसारखीच.

माल-सुक

—

चॉलाम, १३ जून

माल-सुक, पोरी,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

काल ट्रान्झिस्टरवर ऐकलं. सुरुवातीला नुसती खरखर होती, डोंगराचा दोष. सू-बोंगने तो छपरावर धरला तेव्हा आवाज आला. चार. एक. नऊ. शून्य. सहा. तीन. आम्ही पाच जणांनी तिकिटाकडे पाहिलं. चार, एक, नऊ, शून्य, सहा, तीन. आमच्यातला ह्वांग खाली बसला आणि जमिनीला हात लावून राहिला.

पण ट्रान्झिस्टरचं काय सांगावं? सहा म्हणाला की नऊ, कोण जाणे. पेपर येतो तिसऱ्या दिवशी, तोही फोरमन बांगकडे, आणि तो आम्हाला दाखवणार नाही. बांग तर म्हणतो, चुकीचं ऐकलंत, काम करा. तू तिथे होतीस. तू डोळ्यांनी पाहिलं असशील. तारेने कळव. हे पत्र स्टेशनवर गाडीतल्या गार्डच्या हाती देतो, लवकर पोचेल. तोपर्यंत आम्ही कुणाला काही बोलत नाही.

तुझ्या आईला सांगितलं. ती चुलीसमोर बसून रडतेय. आनंदाने.

अप्पा

—

तार. सोल, १५ जून

सहाही आकडे बरोबर. स्वतः पाहिले. माल-सुक

—

सोल, १६ जून

ती. अप्पांना,

काल तार केली. गडबडीत केली. रात्रभर झोप नाही. अप्पा, तुमच्या तिकिटाच्या डाव्या कोपऱ्यात गट छापलेला असतो. तो कितवा आहे? तुम्ही लिहिला नाहीत आणि मीही विचारला नाही. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, पहिलं चक्र गटाचं असतं. तेच सहा आकडे प्रत्येक गटात छापतात. रविवारचा गट दोन होता. तुमच्या तिकिटावर दोन आहे ना?

हे पत्र मिळेपर्यंत कुणालाही काही सांगू नका. काहीही करू नका. पाया पडते.

माल-सुक

—

चॉलाम, २१ जून

चि. माल-सुकला,

तुझं तारेनंतरचं पत्र आज आलं. तार बुधवारीच आली होती.

गट चार आहे.

काय झालं ते क्रमाने सांगतो. तार आली तेव्हा आम्ही पाळीवर निघत होतो. पोस्टमनने सगळ्यांसमोर वाचली. सू-बोंगने डोक्यावरचा दिवा काढून फोरमन बांगच्या हातात दिला आणि म्हणाला, "बांगसाहेब, हा तुमच्या टीव्हीवर लावा. अंधार पडलाय तुमच्या घरात." सगळी ओळ हसली. मीही हसलो. ह्वांगने जेवणावळीसाठी डुक्कर सांगितलं, उधारीवर.

मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. तीन वर्षं टाळलं होतं. म्हटलं, आता घर आहे, आता छाती बघून घेऊ, म्हणजे त्या घरात राहायला तरी मिळेल. तुझं म्हणणं ऐकायचंच होतं मला, फक्त आधी घर हवं होतं. डॉक्टरने छातीच्या फोटोची काच उजेडात धरली. चांगला माणूस आहे. म्हणाला, "काका, एवढ्यावर तुम्ही खाली उतरत होता?" मी म्हटलं, आता उतरणार नाही, लिहा काय लिहायचं ते. त्याने लिहिलं. मी सहीसुद्धा जोरात केली.

शनिवारी आम्ही पाचही जण धुतलेले कपडे घालून तालुक्याच्या बँकेत गेलो. काचेमागच्या पोराने तिकीट पाहिलं, यादी पाहिली. "काका, आकडे तेच आहेत. पण गट दोनला लागलंय, तुमचा चार."

सू-बोंग म्हणाला, "आकडे तेच आहेत ना?"

"तेच आहेत."

"मग?"

"मग हुकलं." आणि तो पोरगा उभा राहून वाकला, माणूस गेल्यावर वाकतात तसा. हुकणाऱ्यांसाठी एक छोटं बक्षीस असतं म्हणाला, ते दिलं. ह्वांगच्या डुकरात गेलं.

सू-बोंगला बांगने कामावर परत घेतलं, पण सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसवून. बाकीचे तिघं दुसऱ्या दिवशी उतरले. मला उतरता येत नाही. डॉक्टरची ओळ गेली वर. काम करायला अयोग्य, असं आहे. भरपाई मिळेल का, विचारलं, तर म्हणाले, भरपाईच्या यादीत बसण्याइतकी फुप्फुसं अजून बिघडलेली नाहीत. म्हणजे खाली जायला फार बिघडलीत आणि पैसे द्यायला कमी. खोली जुलैच्या अखेरीपर्यंत रिकामी करायची आहे.

मी तुला दोष देत नाही. गटाचं तू लिहिलं होतंस, मीच वाचून पुढे गेलो. फक्त एक कळत नाही. तू तिथे होतीस, चक्रं समोर होती. स्वतः पाहिले म्हणालीस. मग पहिलं चक्र तेवढं कसं नाही पाहिलंस? त्या शब्दावर आम्ही उठलो गं. ट्रान्झिस्टरवर नाही.

अप्पा

—

सोल, ३० जून

ती. अप्पांना,

मी तिथे नव्हते.

मे महिन्यात ते पुडकं आलं तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने ते उसवून पाहिलं. आत एकतीस तिकिटं आणि काकूंची चिठ्ठी, "चक्राला टेकव." व्यवस्थापकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. यू साहेब मध्ये पडले, म्हणाले, पोरगी निर्दोष आहे, गावची माणसं भोळी आहेत. व्यवस्थापक म्हणाले, "निर्दोष असेल. पण उद्या पेपरात येईल की सोडतीच्या हॉलमधली बाई तिकिटं टेकवते. मग या चक्रावर कोण विश्वास ठेवेल?" त्यांचंही चूक नव्हतं. त्याच दुपारी मी बाहेर.

तेव्हापासून मी बाजारातल्या एका माळ्यावर शर्टांच्या कॉलर शिवते. छत इतकं खाली आहे की उभं राहता येत नाही. तुम्हाला कळवलं नाही. ओळीतल्या अठरा खोल्यांत आईला जो मान मिळत होता तो मला काढून घ्यायचा नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तो सोडवत नव्हता. लहानपणापासून मी कुणाच्या मोजणीत नव्हते, अप्पा. माझ्या पाठीवर तरी मुलगा होईल म्हणून माझं नाव माल-सुक, म्हणजे "शेवटची", ठेवलंत आणि माझ्यानंतर आणखी दोघी झाल्या. पहिल्यांदाच सगळे टीव्हीत माझं कोपर शोधत होते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी सिगारेटच्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला पेपर पाहायला धावले. सहा आकडे मोठे छापलेले होते. गट वर, बारीक. मी तो वाचला. खरंच वाचला, दोन. पण तुमचा गट कितवा हे विचारायचं मला सुचलंच नाही, कारण मला फक्त ते सहा जुळायला हवे होते. हॉलमध्ये असते तर यू साहेबांना विचारलं असतं, त्यांनी पहिला प्रश्न गटाचाच केला असता. आणि तारेत "पेपरात पाहिले" लिहिलं असतं तर सू-बोंगकाका म्हणाले असते, थांबू, बँकेत जाऊन येऊ. मी "स्वतः पाहिले" लिहिलं. दोन शब्द.

तुम्ही डॉक्टरकडे जावं म्हणून मी मार्चपासून मागे लागले होते. तुम्ही गेलात तेही माझ्या खोट्यावर.

काय करू ते सांगा. परत येऊ का?

माल-सुक

—

जेचॉन, ११ सप्टेंबर

चि. माल-सुकला,

उत्तराला उशीर झाला. मधे पत्ताच नव्हता.

आता आहे. तुझ्या मामाच्या ओळखीने स्टेशनमागे एक खोली मिळालीय. तुझी आई लाल मिरच्या निवडायला जाते. दोघी धाकट्यांची शाळा सुटली. त्यांतली थोरली तुझ्या आईबरोबर जाते, छोटी माझ्याजवळ असते. मला पाणी देते, पाठ चोळते.

निघताना ओळीतले सगळे आले होते. पार्क आजीने विचारलं, माल-सुक कशी आहे, अजून त्या हॉलमध्येच ना? मी म्हटलं, हो. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. सू-बोंगने आमचं कपाट एकट्याने पाठीवर घेऊन ट्रकमध्ये चढवलं. मग बराच वेळ ट्रकच्या फळीला धरून उभा राहिला. म्हणाला, "गी-दोक, सात मीच वाचला होता रे त्या पत्रात." मी म्हटलं, मी ऐकला होता.

इथे शेजारी विचारतात, मोठी मुलगी काय करते. मी सांगतो, सोलला शर्टांच्या कॉलर शिवते. ते "बरं" म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

तिकिटं घेतो का, असं तू विचारणार. नाही घेत. शपथ नाही घेतली, पण दुकान चढावर आहे. तुझं मार्चमधलं पत्र मी परवा पुन्हा वाचलं. निम्मे परत येतात, चक्राला आठवण नसते, सगळं स्पष्ट लिहिलंस गं. मला तेव्हाही समजलं होतं. सू-बोंगने मांडीवर थाप मारली नसती तरी मी दुसरं काहीतरी वाचलं असतं त्यात. माणसाला घर हवं असलं की अक्षरं हलतात.

इथल्या डॉक्टरने पुन्हा फोटो काढला. यादीत बसायला अजून थोडं कमी आहे म्हणाला. पुढच्या वर्षी या.

चुसोकचा सण सत्तावीसला आहे. यावं की नाही, असं तू ओक-बुनला विचारत होतीस म्हणे. तुझी आई म्हणते, खोली एवढीशी, चौघं आडवी झाली की दार उघडत नाही, पाचवीला कुठे निजवायचं? पण ती विसरते. मी आता आडवा होत नाही, आडवं झालं की दम कोंडतो. भिंतीला टेकून बसूनच झोपतो. तेव्हा एकाची जागा होते. ये.

अप्पा